दोन मिनिटं चौदा सेकंद

श्वास पुसणं हे माझं काम.
दोन ओळींच्या मध्ये गाणारा हवा ओढतो
तिथं मी कात्री लावते,
भाजीवाली देठं खुडते तशी,
न बघता.

नासुफच्या आल्बममधले
चारशे अकरा श्वास मी पुसले.
एक ठेवला.

मार्सेयच्या उत्तर टोकाला, नवव्या मजल्यावर
त्याचा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट.
आतून गादी ठोकलेली,
दांडीवर अजून त्याच्या आईची सणाची लुगडी,
माईकच्या डोक्यावर लाल पदर.
मिस्त्राल सुटला की खिडकी शीळ घालायची,
मग आम्ही थांबायचो, जेवून घ्यायचो.
मार्चमध्ये सलग तीन दिवस जेवलो.

पैसे आईच्या भिशीचे.
एकोणीस बायका, सगळ्या कोमोरोसच्या,
अल्जीरियाला जाणाऱ्या बोटींच्या केबिनी पुसणाऱ्या.
भिशी लागली की ती बेटावरच्या थोरल्या लग्नासाठी ठेवायची:
गावजेवण, सोनं, मानपान.
तिनं नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
म्हणाली, लग्नात तरी दुसरं काय असतं,
गाजावाजाच ना.

आधी ते दोघं होते.
दहा वर्षं नासुफ आणि इबुरोई,
एक ओळ याची, एक त्याची,
लांब करवतीची दोन टोकं धरल्यासारखे.
मग इबुरोईला मुलगी झाली
आणि शीतगृहं दुरुस्त करायची नोकरी लागली.
भांडण झालं नाही.
झालं असतं तर बरं होतं,
त्यावर एखादं गाणं तरी निघालं असतं.

अकरावं गाणं त्या काळातलं.
इबुरोईच्या ओळी आता नासुफनं म्हटल्या,
सोळा वेळा,
दर वेळी किंचित उशिरा,
आपल्याच घरात दार ठोठावून येणाऱ्यासारखा.
मी जुना आवाज उचलला, नवा बसवला.
पण दोन मिनिटं चौदा सेकंदांवर
ओळीच्या आधी इबुरोई हवा ओढतो,
नाकातून, चोंदलेल्या,
आणि पुढे नासुफ बोलतो.

विसरून राहिला असं मी म्हणणार नाही.

नासुफनं ऐकलं. हेडफोन काढले.
म्हणाला, वर नाव माझ्या एकट्याचं आहे.
म्हटलं, आहेच की.
तो भांडी घासायला गेला,
घासलेलीच.

गुरुवारी मध्यरात्री आल्बम आला.
आला म्हणजे, फोनवर एक चौकोन उजळला.
स्वयंपाकघरात भिशीतल्या सात जणी,
नारळाच्या रसातला भात, आणि कुणाच्या तरी मांडीवर
झोपलेलं पोर.
एक वाजेपर्यंत एकोणसत्तर जणांनी ऐकला,
त्यात आम्हीच नऊ.
आईनं विचारलं, आता पुढं काय होतं?
नासुफ म्हणाला, हेच.
हेच होतं?
हेच.
तिनं भाताचं झाकण लावलं, पहाटे चारला
बोटीवर गेली.

सहाला मला निरोप आला, इबुरोईचा:
अकराव्यात नाक कुणाचं?
मी लिहिलं, तुझं.
पलीकडे तीन ठिपके हलले, विझले, पुन्हा हलले.
सर्दी होती त्या दिवशी.
मी लिहिलं, कळतंय.
काढू का?
ठिपके.
ठिपके.

मग एकवीस सेकंदांचं रेकॉर्डिंग आलं.
मासळीबाजाराचं शीतगृह असावं:
मोटारीची घरघर,
कुणीतरी फरशीवरून खोकं ओढतंय,
आणि फोनच्या अगदी जवळ,
एकही शब्द न बोलता,
कुणीतरी.

सवयीनं माझं बोट
पुसायच्या बटणावर गेलं.